दगडाची जागा

व्हॅन चढावरून पुन्हा मागं सरकली अन् अख्खा तांडा हसला.

"दगड लाव, दगड!" बबलू वरडला.

ममतानं पायाचा ब्रेक दाबला. गाडी गपकन थांबली. म्हनजे पायाचा ब्रेक चांगला होता, हँडब्रेकच धरत नव्हता. अन् हँडब्रेक त नुसता मागच्या दोन चाकांले धरते. त्याच चाकांचे लायनर, म्हनजे ब्रेकच्या आतल्या घासाच्या पट्ट्या, तिनं सकाळपासून बदलवले होते, मोबाईलवर पाहू पाहू, दोन बोटं सोलून, एकटीनं.

बबलू तिचा मोठा भाऊ. व्हॅन तो चालवे. गाडी थांबली की खाली उडी मारून मागच्या चाकाखाली दगड सरकवाचं काम ममताचं. दगड सीटखालीच राहे, घासून घासून गुळगुळीत झालेला.

सकाळी त्यांच्या बापानं, धावजीनं, ममताले सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "चढावर बिना दगडाची उभी राह्यली त उद्याची दारव्ह्याच्या बाजाराची फेरी तुही. नाई राह्यली त चाबी बबलूले. मंग तुहं ते लायसन पेटीत ठेवून देजो."

आता बबलूनं हातच पुढं केला. "आन चाबी. मिस्त्री घेऊन येतो."

"मिस्त्रीले कायले तरास? बाजूले हो. चाक खोलू दे."

तिनं व्हॅन सपाट जागेवर घेतली, जॅक लावला, चाक काढलं, ड्रम काढला. केबल ओढून पाह्यली, टाइट होती. स्प्रिंगा जागच्या जागी. पट्ट्या उलट्या बसल्या का? नाई. मंग तिले दिसलं. लायनर चमकून राह्यलं होतं. नवं लायनर कायले चमकन? तिनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

तूप!

ममता उठली अन् सरळ आईकडं पाह्यलं. "याडी?"

मानीबाई पदर सावरत पुढं आली. "मंग? नवी वस्तू कोरडीच लावाची का? तू पाना मांगाले गेलती तवा चारी पट्ट्यांले बोट फिरवलं. कुंकू नाई लावलं. ते लोकांले दिसते, नजर लागते."

लोकं असे हसले की झाडावरचे कावळे उडाले. बबलू त खालीच बसला, पोट धरून. "तुपाचा ब्रेक! बा, तुपाचा ब्रेक!"

मानीबाईचं तोंड उतरलं. "माह्याच हातानं पोरीचं नुसकान झालं."

"काई नुसकान नाई झालं, याडी," ममता म्हने. "उरलेलं तूप ठेव. बबलूच्या जिभेले लावू. तिले तसाही ब्रेक नाई."

तिनं दुसरंही चाक खोललं. चारी पट्ट्या काढल्या. पेट्रोलनं धुतल्या, पॉलिश पेपरनं घासल्या, पुन्हा धुतल्या, पुन्हा घासल्या. ड्रम आतून पुसले. पट्ट्या उन्हात वाळू घातल्या अन् स्वतः बाजूले बसून राह्यली, पाहारा देत. मानीबाई जवळ आली तशी म्हने, "याडी, हात दाखव आधी." मानीबाईनं दोन्ही हात दाखवले. कोरडे होते. मंगच ममतानं तिच्याकडून पाना घेतला.

उन्हं कलली तवा व्हॅन पुन्हा चढावर गेली. तोंड वर, मागं उतार. ममतानं हँडब्रेक ओढला. गिअर काढला. पाय उचलला.

कोनी हसलं नाई.

"दोन मिंटात सरकन," बबलू म्हने.

दोन मिंटं झाली. व्हॅन हाललीच नाई.

"पाहा, सरकन. गरम झाली की सरकन."

धावजी पुढं झाला. व्हॅनीजवळ आला, वाकून सीटखालून दगड काढला. "असू दे," तो म्हने. "मनाच्या समाधानाले."

ममता खाली उतरली. चाबी कमरेले खोचली. मानीबाईच्या हातातली भाकर घेतली, मागच्या चाकाकडं गेली अन् जिथं दगड लागते बरोबर तिथंच, टायरले पाठ टेकून, मांडी घालून बसली.

"ममता, ऊठ!" बबलूचा आवाज फाटला.

"कायले? सकाळपासून उपाशी हावो." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "तू मोज तुये मिंटं."

धावजी दोन्ही हातात दगड धरून तसाच उभा राह्यला. ठेवाले जागाच नव्हती.