झुलत्या पुलाचा अहवाल

नारिन नदीकाठच्या गावात पंचायतीची वार्षिक बैठक भरली होती. "झुलता पूल सुस्थितीत आहे," देखरेख समितीच्या तोकतोसूनने वाचून दाखवलं. मंजुरीसाठी सगळ्या सदस्यांचे हात वर गेले. सायरागुलचे तेवढे मांडीवरच राहिले. हिवाळ्यात त्याच पुलाची फळी मोडून तिचा नवरा कासिम नदीत बुडाला होता.

"वहिनी," तोकतोसून म्हणाला, "वरच्या कार्यालयात एकमताचाच अहवाल चालतो. तुमच्यापायी सगळ्यांचा चहा गार होतोय."

"होऊ दे."

तोकतोसूनने कागद मिटले. "बरं, निदान कासिमदादासाठी दुवा तरी मागू या."

रीतीप्रमाणे सगळ्यांनी तळवे वर केले. सायरागुलनेही केले.



"आले सगळ्यांचे हात वर," म्हणत कारकुनाने लिहून टाकलं, एकमताने मंजूर.