शत्रूचा माल

भारताच्या सीमेवर युद्ध पेटलं की आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या मराठी ग्रुपवर एक फिल्म यायची. त्यात एक सैनिक डोळ्यांत पाणी आणून सांगायचा, "शत्रूच्या देशात बनलेली वस्तू घरात ठेवू नका." माझी बायको पद्मिनी लगेच खोका घेऊन घरभर फिरायची आणि प्रत्येक वस्तूचं लेबल वाचायची. खोक्यात मात्र दरवेळी माझ्याच वस्तू जायच्या. टोपी गेली, रेडिओ गेला, आवडतं जाकीटही गेलं.

"तुझ्या वस्तूंत शत्रूचं काहीच कसं निघत नाही गं?" मी विचारायचो.

"मी बघून घेते. तुमच्यासारखी सेल दिसला की धावत नाही."

पद्मिनी जाऊन सहा महिने झाले. तिचे स्वेटर अजून कपाटातच आहेत. काल पुन्हा तशीच फिल्म आली आणि आमची मुलगी प्रीता खोका घेऊन समोर उभी राहिली.

"बाबा, मॉमचे सगळे स्वेटर्स नको, पण शत्रूचे तरी डोनेट करू या. मॉम असती तर तिनेच खोक्यात टाकले असते."

यावर नाही कसं म्हणणार? मी एकेक स्वेटर उलटा करून लेबल शोधू लागलो. बाराही स्वेटरांची लेबलं कात्रीने नीट कापून टाकलेली होती.

प्रीता हसत सुटली. "बाबा, मॉमने चीट केलं!"

"पुरावा नसताना कुणाला शत्रू म्हणू नये," मी म्हणालो आणि बाराही स्वेटर पुन्हा कपाटात ठेवले.