लाकूड आहे तोवर

"पण पाणी जाईल कुठं, मामा?" सुशीलने होडीच्या तळावर खडूने एक गोल काढला. "बर्फ पिघलणारच न. त्याच्यावरच तर मासे मांडून राहिलो आपण. इथून पाइप काढला की झालं काम."

नीलकंठ मेस्त्री त्या गोलाकडे बघत राहिले. होडी त्यांनीच बांधलेली. रस्त्यात तिला कुठे ठेच लागू नये म्हणून कोकणातल्या गावापासून रायपूरपर्यंत ट्रकमध्ये तिच्याशेजारी बसून आले होते. आता ती सुशीलच्या नव्या हॉटेलात दोन ओंडक्यांवर उभी होती. पंडरीच्या कापडबाजारातून आणलेले निळे पडदे मागे लाटांसारखे सोडलेले, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'वारसा किनाऱ्याचा' रंगवलेलं.

सुशीलचं मन वाईट नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. गावात जो तो फायबरची होडी घ्यायला लागला, मामांच्या होड्या बांधायच्या मांडवात कोंबड्या फिरायला लागल्या, तेव्हा त्यानेच फोन करून ही होडी बांधायला सांगितली होती. "मामांची कला जिंदा राहिली पाहिजे," असं तो येईल त्याला ऐकवायचा, आणि मनापासून ऐकवायचा. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, त्याला तो तरी काय करणार!

"काहून चूप बसले, मामा? प्लंबरले सांगू का? पण तो लकडी फाडून टाकंल. तुमच्यासारखा हात कोणाचा हाय?"

मेस्त्रींनी गोलावरून नजर काढली. ते वळले, आणि कोपऱ्यात कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या असलेल्या आपल्या धाकट्या बहिणीला, सुशीलच्या आईला म्हणाले, "वनू, आधी कुकू लाव गो. मगे काय ता बघूया."

मेस्त्रींच्या घराची ती रीतच होती. नव्या होडीच्या पुढच्या टोकाला माहेरवाशिणीने कुंकू लावायचं आणि मगच होडी पाण्यात ढकलायची. एकदा कुंकू लागलं की ते लाकूड राहत नाही, घरची लेक होते. मग तिला कोणी पाय लावत नाही, तिच्या अंगावर हत्यार चालवत नाही. वनमालाबाईंच्या वाट्याला हा मान कधी आलाच नव्हता. रायपूरहून कोण धावत जाणार? दरवेळी चुलतबहिणींनीच लावलं.

म्हणून आज हौस भावापेक्षा त्यांनाच जास्त. चौबे कॉलोनीतल्या घरून निघताना काठापदराचं पातळ नेसल्या होत्या, नथ घातली होती. शेजारणीने विचारलं, "कोणाचं लग्न हाय, काकू?" तर म्हणाल्या होत्या, "होडीचं."

त्या पुढे झाल्या. करंडा उघडून बोट कुंकवात बुडवलं. होडीच्या टोकापाशी पोचल्या तेव्हा त्यांना आतला तो खडूचा गोल दिसला. त्यांचं बोट तिथेच थांबलं.

"लाव गो," मेस्त्री म्हणाले.

"नाही लावत मी, दादा."

मेस्त्रींना आधी ऐकूच आलं नसावं. मग त्यांचा आवाज चढला. "तू कधी इलंसच नाय, म्हणान होडीच तुझ्या दारात हाडलंय. माझ्या हातची शेवटची होडी ही. हिकाय तू कुकू लावचं नाय?"

घरात लेकाशी मले-तुले करणारी वनमालाबाईंची जीभ भावापुढे आपसूक माहेरच्या बोलीवर आली. "कुकू लागला काय ती लेक झाली. मगे लेकीच्या पोटात गिरमिट घालशीत तू?" त्यांनी कुंकवाचं बोट खडूच्या गोलाकडे केलं. "आता नुसता लाकूड आसा. लाकूड आसा तवसर घाल."

त्यांनी करंडा मिटला आणि बोटाला लागलेलं कुंकू पदराला पुसलं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आपल्याच हाताने टाळताना त्यांना रडू येत होतं. पण भावाला त्या पापात ढकलून मान घ्यायचा, हे त्यांच्याने होणार नव्हतं.

"क्या हुआ, आई? नाराज झाले का मामा?" सुशील ड्रिल मशीन घेऊन आला होता.

"काही नाही रे. ते ठेव तिकडं."

मेस्त्रींनी होडीच्या काठावरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी पिशवीतून आपलं जुनं गिरमिट काढलं, होडीत उतरले आणि गोलाच्या बरोबर मधोमध टोक टेकवलं. आयुष्यभर ज्या हातांनी पाणी शिरू नये म्हणून फटीफटीत कापूस ठोकला, राळ भरली, ते हात आता भोक पाडत होते. भुसा खाली फरशीवर पडत राहिला. भोक आरपार झालं तेव्हा सुशील खालून बघून "एक नंबर, मामा!" म्हणाला.

मेस्त्री होडीतून उतरले. "पाणी हाड," त्यांनी भाच्याला सांगितलं.

सुशीलने बादल्या आणून आत ओतल्या. भोकातून धार पडू लागली. मेस्त्री ओंडक्यांच्या मधे फरशीवर आडवे झाले, आणि होडीच्या पोटाखालून एकेका सांध्यावर तळवा फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेले. धारेचे शिंतोडे त्यांच्या सदऱ्यावर उडत होते, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी तो तळवा बहिणीपुढे धरला. कोरडा होता.

"बघ, वनू," ते म्हणाले, "बाकी खयसून एक थेंब नाय."