कोठडीतल्या बाईचा चेहरा

“भुवया जरा वर चढवा. ओठ असे वाकडे. बघणाऱ्याला धडकी भरली पाहिजे,” संग्रहालयाचे साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतःचे ओठ वाकडे करून दाखवले. धडकी काही भरली नाही. त्यांची दाढ दुखत असावी असं मात्र वाटलं.

बाईंनी मान डोलावली आणि माती भिजवायला घेतली.

जुन्या तुरुंगाचं संग्रहालय झालं तेव्हापासून तिथल्या पुतळ्यांची डागडुजी बाईच करायच्या. कोणाचं बोट तुटलेलं, कोणाच्या बेडीचा रंग उडालेला. नवऱ्याला विष घालणाऱ्या कैदिणीच्या कोठडीत मात्र त्या फक्त हातापायांचं काम करत. चेहऱ्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. तो दुसऱ्याच कोणीतरी घडवलेला. तिरप्या भुवया, लालभडक ओठ, नाटकातल्या दुष्ट बाईलाही जरा जास्तच वाटावा असा. यंदा छत गळलं, त्या चेहऱ्याचे पोपडे निघाले आणि साहेबांनी नवा करायला सांगितला. आधी मातीचा घडवायचा, साहेबांना पसंत पडला की साचा काढायचा. कैदिणीचा फोटो कुठेच शिल्लक नव्हता, त्यामुळे काम सोपं आहे असं साहेबांचं मत होतं.

बाईंना ते सोपं वाटत नव्हतं. वर्षानुवर्षं त्या या पुतळ्याची नखं रंगवत बसल्या होत्या आणि पाठीमागे लोक खिदळत फोटो काढत होते. कैदिणीनं गुन्हा केला होता, कबूलही केला होता. शिक्षा भोगता भोगता ती याच भिंतींच्या आत वारली होती. तिथे सगळं संपायला हवं होतं. पण मेल्यावरही तिची सुटका झालेली नव्हती. तिला माणसाचा चेहरा द्यायची संधी आज पहिल्यांदा आली होती आणि साहेबांना तो आवडला नाही, तर उद्या दुसरा कारागीर येणार होता.

साहेब त्यांच्या कामाला निघून गेले. बाईंनी पेटीतून छोटा आरसा काढला आणि खिडकीत टेकवून ठेवला. या कामातले लोक ठेवतातच. स्वतःचं तोंड वेडंवाकडं करायचं आणि कुठली सुरकुती कशी पडते ते बघायचं.

बाईंनी तोंड वेडंवाकडं केलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी मातीला हात घातला.

दुपारी गाईड एक घोळका घेऊन आला. त्याला सगळे पोपट म्हणत, कारण त्याचं भाषण खोकल्यासकट रोज तेच असायचं. “पोलीस दारात आले ना, तेव्हा ही बाई चक्क हसत होती!” त्यानं सांगितलं. हे त्यानं पदरचं घातलं होतं, पण लोकांना आवडायचं. आत उजेड कमी होता. पुतळ्यावर ओलं फडकं टाकलेलं होतं आणि शेजारच्या स्टुलावर बाई हात मांडीत घेऊन जरा टेकल्या होत्या.

“अगं बाई, किती खरी वाटते!” घोळक्यातल्या एक आजी पुढे वाकल्या. “पण ही कुठे हसतेय? दमलीये बिचारी.”

बाईंच्या पापण्या हलल्या. आजी किंचाळल्या आणि मग सगळ्यांची हसून हसून पुरेवाट झाली. पोपट तर गजांना धरून उभा होता. “ताई, तुम्हीच बसा इथं कायमच्या. पुतळ्याचा खर्च तरी वाचेल!”

बाईही हसल्या. घोळका पुढे गेल्यावर त्यांनी फडकं उचललं आणि पुन्हा मातीला हात घातला. ‘बिचारी’ हा शब्द या कोठडीत त्यांनी आजवर ऐकला नव्हता.

संध्याकाळी साहेब आले. बाईंनी फडकं बाजूला केलं.

चेहरा साधा होता. रुंद कपाळ, जड पापण्या, एक भुवई दुसरीपेक्षा किंचित खाली. भाजी निवडताना कोणीतरी हाक मारावी आणि मान वर करावी, तशी ती बघत होती.

साहेबांचं तोंड उतरलं. “अहो, ही तर कोणाचीही शेजारीण वाटते.”

“शेजारीणच होती ना कोणाची तरी,” बाई म्हणाल्या. “विष घालणारी काय कपाळावर लिहून फिरते, साहेब? धडकी भरायची असेल तर हिलाच बघून भरेल.”

साहेब गजांपर्यंत मागे गेले, पुन्हा जवळ आले. माणूस वाईट नव्हता. चांगलं काम समोर आलं की त्यांना ते कळायचं. ते बोलले तेव्हा आत कोणी झोपलेलं असावं तसा त्यांचा आवाज खाली आला होता. “राहू दे. असाच राहू दे.” मग बाहेर डोकावून त्यांनी हाक मारली, “पोपट, ते हसण्याबिसण्याचं उद्यापासून बंद!”

बाईंचा जीव भांड्यात पडला. आता पेटी आवरून घरी जायचं, एवढंच उरलं होतं. मावशीनं त्यांना वाढवताना एक गोष्ट बजावून ठेवली होती, कोणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ते त्यांनी जन्मभर पाळलं होतं.

“फक्त खाली एक पाटी लावू,” साहेब म्हणाले. “लोक विचारतात, फोटो नाही तर चेहरा आणला कुठून? चेहरा काल्पनिक आहे, असं लिहू ना?”

बाई आरशावरचे मातीचे डाग पुसत होत्या. त्यांनी त्यात एकदा पाहिलं, मग पुतळ्याकडे.

“काल्पनिक नका लिहू, साहेब,” त्या म्हणाल्या. “मावशी म्हणायची, मी अगदी आईवर गेलेय.”