नळाची वेळ

बी.एड. होईपर्यंत माझ्या भाचीला, माधवीला, मूल नको होतं. पण गर्भनिरोधक गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची तिला आठवणच राहत नसे. ती हे मामीला सांगत होती, तेव्हा मी पुस्तकाआडून लाजतच म्हणालो, "सकाळी नळ आला की घेत जा." वरूडला ही युक्ती वर्षभर छान चालली.

मग तिच्या नवऱ्याची बदली अकोल्याला झाली. काल तिचा फोन आला. हसतच म्हणाली, "मामा, परीक्षा आन् बाळंतपण संगच येऊन राह्यलं. बाळाचं नाव आता तुमालेच ठेवा लागते."

"गोळी चुकली काय व?" मी घाबरत विचारलं.

"नळ तं एकबी नाही चुकवला, मामा."

 

"पन इथं तो पाचव्या दिवशी येते."