नाडी

"श्रद्धाबेन, उपरथी पाणी कोण ढोळे छे? मारा पापड पलळी गया!"

वरून कोण पाणी ओततंय, पापड भिजले, अशी खालच्या कोकिलाबेनची गुजरातीतली हाक ऐकून श्रद्धा स्वयंपाकघरातून धावत आली. तिचे सासरे, दीनानाथ, खिडकीशी पलंगावर बसले होते. डावा हात गजांतून बाहेर होता आणि हातात उपडा पेला.

तिला पाहताच त्यांनी हात आत ओढला.

"बाबा, हे काय?"

सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असे. त्या हाताकडे ते बघत राहिले.

महिन्याभरात दोनदा त्यांना लघवीचा संसर्ग झाला होता. दुसऱ्यांदा सलाइन लावावं लागलं. "घरात पाणी पाजत नाही का यांना?" डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, आणि श्रद्धाने मान खाली घातली होती. तेव्हापासून ती दर तासाला स्वतः पेला भरून ठेवी. पेला रिकामा दिसला की तिला हायसं वाटे.

"डॉक्टरांचं बोलणं मी ऐकून घेतलं, बाबा. आणि तुम्ही पाणी ओतून देता?" तिचा आवाज चढला.

"गजू साडेसहाला येतो," ते म्हणाले.

"मग?"

"पाणी प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं. काठी घेऊन बाथरूमपर्यंत एकटे जाता की तुम्ही!"

"जातो." त्यांनी डाव्या हाताने नाडीची गाठ चाचपली. "एका हातानं नाडी सुटत नाही गं. सुटली तर परत बांधता येत नाही. सुनेला काय सांगू?"

श्रद्धा पलंगाच्या कडेवर बसली. तिचा नवरा गजेंद्र मकरपुऱ्याच्या कारखान्यात जायला साडेसातला घर सोडायचा. साडेसात ते साडेसहा. अकरा तास. आणि हे रोज. औषधांच्या वेळा तिने कागदावर लिहून कपाटाला चिकटवल्या होत्या. बिनमिठाची खिचडी, मालिश, रक्तदाब, सगळं तिच्या ध्यानात असे. नाडी कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

"आई असत्या तर तुम्ही त्यांना सांगितलं असतंत," ती म्हणाली.

"तिला सांगावं लागलं नसतं."

श्रद्धाला ते लागलं. पण ती चिडली नाही. उठून तिने दोरीवरचे त्यांचे तिन्ही पायजमे काढले, शिलाई मशीनवरचं कापड दूर केलं आणि पहिल्या पायजम्याची नाडी ओढून काढली. डब्यात इलास्टिक होतं. तेवढं पुरलं नाही, म्हणून कोकिलाबेनकडे गेली. ओल्या पापडांबद्दल माफी मागितली आणि वीतभर इलास्टिकही मागून आणलं.

दुपारभर मशीन चाललं होतं. दीनानाथ पलंगावरून बघत होते.

"साठ वर्षं नाडीचाच पायजमा घातला मी," ते शेवटी म्हणाले.

"आता हा घाला. डाव्या हातानं खाली, डाव्या हातानं वर."

ते जरासे हसले. मग खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. श्रद्धाने मशीनवरची मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्रने त्यांना नवा पायजमा घातला आणि तो कामावर गेला. दहाच्या सुमारास श्रद्धाने पेला भरून आणला. त्यांनी तो तिच्यासमोर, एका दमात संपवला.

अर्ध्या तासाने काठीची टकटक ऐकू आली. श्रद्धा पोळीचा गॅस बंद करून दबक्या पावलांनी बोळात आली. बाथरूमचं दार लोटलं गेलं. आणि मग, बऱ्याच खटपटीनंतर, आतून कडी लागली.

पडले, चक्कर आली, तर? 'कडी नका लावू, बाबा,' हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले. ते तिने गिळले आणि पिठाचे हात तसेच धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली.