सात नंबर

"सात नंबर नाय भेटायचा, साहेब. लई जुना माल हाये," शहागंजातला जुन्या पुस्तकांचा दुकानदार बन्सी म्हणाला.

व्यंकटरावांनी मान डोलावली. मुलाच्या, शंतनूच्या, लाडक्या बास्केटबॉल संघात चौदा खेळाडू. त्यातल्या तेरा जणांची फोटोकार्डं त्यांनी तीन वर्षांत जमवली होती, तीही बायकोच्या, कालिंदीच्या, नकळत; राहिला होता तो सात नंबरचा खेळाडू. रागाच्या भरात शंतनूचा कार्डांचा डबा भंगारवाल्याला देणारे तेच, आणि आता उतारवयात दुकानं धुंडाळणारेही तेच. डबा गेला त्या दिवशी शंतनूही घर सोडून गेला. "या घरात त्याचं नाव काढायचं नाही," असं त्यांनी कालिंदीला बजावलं. तिनं काढलं नाही. दोघांचं बोलणं चहा आणि वीजबिलापुरतं उरलं.

बन्सीनं त्यांना मोबाईलवर कार्डं जमवणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये घातलं. तिथं खरं नाव कुणीच लावत नाही. त्यांनी लिहिलं, 'सात नंबर हवा.'

आठ दिवसांनी एका निनावी सभासदाचा फोटो आला. तेच कार्ड, आणि कोपऱ्यावर हळदीचा अंगठा! शंतनूच्या मुंजीत लागलेला. म्हणजे एवढं एक कार्ड पोरानं सोबत नेलं होतं.

'घरी कोण कोण असतं?' त्यांनी जपून विचारलं.

'दोघं. बोलत कुणी नाही.'

लग्न झालं वाटतं, आणि बिनसलंही.

'किंमत?'

'पैसे नकोत. स्वतः येऊन घ्या. रविवारी अकरा वाजता, शहागंजच्या घड्याळापाशी.'

रविवारी कालिंदी सकाळीच लासूर स्टेशनला बहिणीकडे निघाली. बरंच झालं, खोटं बोलायची वेळ टळली. व्यंकटरावांनी इस्त्रीचा सदरा घातला. काय बोलायचं ते रिक्षात तीनदा पाठ केलं. 'चुकलो रे' एवढंच नीट जमत होतं.

घड्याळापाशी ही गर्दी! शंतनू कुठंच दिसेना. कठड्याला टेकून एक बाई पाठमोरी उभी होती. हातातलं कार्ड उंच धरून ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक तरुण पोराचं तोंड निरखत होती.

व्यंकटराव जागीच थांबले. कालिंदीनं अजून त्यांना पाहिलं नव्हतं.